गाडी गरम झाली की सुरू होत नाही? पार्ट बदलण्याआधी ही दहा मिनिटं द्या



आजचा विषय गाडीचा आहे, पण लेख फक्त मेकॅनिकसाठी नाही. जुनी व्हॅन, जीप किंवा टेम्पो घेऊन ज्यांनी धंदा सुरू केलाय, किंवा उद्या स्वतःचं छोटं गॅरेज टाकायचं ज्यांच्या मनात आहे, त्या सगळ्यांसाठी आहे. यात माझी स्वतःची एक चूकही आहे. ती आधी सांगतो.

जव्हारजवळच्या एका पाड्यावरचा एक तरुण आपल्या वर्गाला यायचा. त्याने जुनी पेट्रोल व्हॅन घेतली होती, कार्बोरेटरवाली, इंजिन पुढच्या सीटखाली. जव्हार, विक्रमगड, मोखाडा या भागात मोगऱ्याची लागवड बरीच झाली आहे. कळ्या पहाटे तोडायच्या आणि उमलायच्या आत बाजाराला लावायच्या. याचं काम सरळ होतं. तीन-चार पाड्यांवरून मोगरा गोळा करायचा आणि दादरला जाणाऱ्या मोठ्या गाडीपर्यंत वेळेत पोचवायचा. दुपारी रिकामा वेळ असला की पर्यटकांचं भाडं.

एक दिवस त्याचा फोन आला. "सर, गाडी पाड्यावर उभी केली, वजन करेपर्यंत पंधरा मिनिटं गेली, आता चालूच होत नाही."

मी विचारलं, "बॅटरी किती जुनी आहे?"

"दोन वर्षं झाली."

"मग बॅटरी बदलून बघ."

हीच माझी चूक. गाडी न बघता, दुसरा एकही प्रश्न न विचारता मी सल्ला दिला. त्याने बॅटरी बदलली. मग कोणी प्लग सांगितले, ते बदलले. मग कोणी सेल्फ उघडायला लावला. सगळे मिळून 9,400 रुपये गेले आणि गाडी आठवड्यातून दोनदा तशीच रुसत राहिली. एके सकाळी मोगरा दीड तास उशिरा पोचला, कळ्या उमलून गेल्या, भाव पडला. त्यानंतर एका पाड्याने दुसरी गाडी बघितली. बॅटरीचे पैसे परत मिळवता येतात, पण गेलेलं गिऱ्हाईक परत आणायला काय लागतं, हे धंदा करणाऱ्याला सांगायला नको.

शेवटी मी म्हटलं, "मी येतो. गाडी बंद पडेल तिथेच बघू." एप्रिलची दुपार होती. विक्रमगडकडून चढ चढून आम्ही जव्हारला आलो आणि तसेच शिरपामाळाकडे गेलो. शिरपामाळ तुम्हाला माहीत असेल. 1664 साली सुरतेच्या स्वारीवर जाताना छत्रपती शिवाजी महाराजांचा मुक्काम इथे पडला, जव्हारचे राजे विक्रमशाह यांनी त्यांचं स्वागत करून शिरपेच दिला आणि त्यावरून माळाला हे नाव पडलं, असं इथली मंडळी सांगतात. आम्ही मुद्दामच मुक्काम केला. इंजिन बंद, घड्याळात पंधरा मिनिटं, मग चावी. सेल्फ जोरात फिरला, पण गाडी काही पकडेना.

तो कपाळाला हात लावून बसला. मी म्हटलं, "अरे, आज पहिल्यांदा आपलं नशीब चांगलं आहे. दोष हजर आहे."

आजचा धडा एवढाच आहे मित्रांनो. गरम असताना येणारा दोष गरम असतानाच तपासायचा. गाडी थंड झाली की पुरावा नाहीसा होतो. दुसऱ्या दिवशी गॅरेजला गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते, मिस्त्री बिचारा अंदाज करतो, आणि अंदाजाचं बिल आपण भरतो.

## आधी समजून घ्या: बंद केलेलं इंजिन जास्त का तापवतं?

बऱ्याच जणांना वाटतं, इंजिन बंद केलं म्हणजे थंड व्हायला लागलं. पण सुरुवातीला उलटं होतं. इंजिन चालू असताना पाणी फिरत असतं, पंखा फिरत असतो, गाडी पळत असली तर वारा लागतो. चावी बंद केली की हे सगळं थांबतं. तापलेल्या लोखंडातली उष्णता मग आजूबाजूच्या वस्तूंत शिरते: कार्बोरेटर, पेट्रोलचा पंप, पाइप, कॉइल, सेल्फ. पहिली दहा ते वीस मिनिटं या वस्तू चालत्या गाडीपेक्षाही जास्त तापतात आणि नंतर हळूहळू निवतात.

म्हणून पहिलं काम म्हणजे वेळ नोंदवणं.

- बंद करून लगेच चावी मारली तर सुरू होते, पंधरा मिनिटांनी होत नाही, पाऊण तासाने पुन्हा होते. असं असेल तर या साठलेल्या उष्णतेचा संशय घ्यायचा. पेट्रोल गाडीत बहुतेक वेळा इंधनाची बाजू निघते.
- चालता चालताच झटका देऊन बंद पडते आणि निवल्याशिवाय सुरू होत नाही. असं असेल तर आधी करंटची बाजू बघायची: कॉइल, पिकअप, इग्निशन मॉड्यूल.

हा नियम शंभर टक्के नाही, पण कुठून सुरुवात करायची ते यावरून ठरतं.

## पायरी 1: सेल्फ फिरतो का?

चावी मारा आणि फक्त कान द्या.

सेल्फ फिरतच नाही, नुसता "टक्" वाजतो, किंवा जड फिरतो. मग दोष वीजपुरवठ्यात किंवा सेल्फमध्येच आहे. पेट्रोल-डिझेलच्या मागे लागू नका. तांब्याची तार तापली की तिचा विरोध वाढतो, दर 10 अंशांना साधारण 4 टक्के. सेल्फ 80 अंशांनी जास्त तापला तर विरोध जवळपास एक तृतीयांशाने वाढतो. नवी वायरिंग हे सहन करते. जुन्या गाडीत टर्मिनल गंजलेलं, अर्थिंगची वायर सैल, सेल्फचे बुश झिजलेले असतात. थंडीत कसंबसं चालून जातं, गरम झाल्यावर उघडं पडतं.

साधा मल्टीमीटर घ्या आणि तीन मापं घ्या.

1. गाडी बंद असताना बॅटरी: 12.6 व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली आहे.
2. सेल्फ मारताना बॅटरी: साडेनऊ व्होल्टच्या खाली कोसळली तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ जास्त करंट ओढतोय.
3. सेल्फ मारताना बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीपासून इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत: अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब आहे. असंच पॉझिटिव्ह खुंटीपासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत मोजा.

तिसरं माप फार थोडे लोक घेतात, आणि बॅटऱ्या उगाच बदलल्या जातात त्या तिथेच. सॅन्डपेपर आणि पाना घेऊन अर्थिंग साफ करून आवळायला किती खर्च येतो, तुम्हीच सांगा.

सेल्फ नेहमीसारखा जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. मग बॅटरी सुटली, सेल्फ सुटला. पुढच्या पायरीवर या.

(शिरपामाळावर सेल्फ जोरात फिरत होता. म्हणजे बॅटरी आणि सेल्फवर घातलेले पैसे पहिल्या दहा सेकंदांतच वाया ठरले. सल्ला माझा होता, त्यामुळे मी गप्प बसलो.)

## पायरी 2: पेट्रोल गाडी. आधी नाक, मग प्लग

पेट्रोल ही एकच वस्तू नाही, ते हलक्या-जड द्रवांचं मिश्रण आहे. त्यातले हलके घटक 40 अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. इंजिनजवळची उष्णता त्याच्या कितीतरी वर असते. त्यामुळे दोन उलटे प्रकार घडतात, आणि दोन्हीचं बाहेरून दिसणारं लक्षण एकच: गाडी सुरू होत नाही.

प्रकार पहिला, पेट्रोल जास्त झालं. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून आत सांडतं. पेट्रोलचा वास येतो, प्लग काढला तर ओला निघतो. उपाय: अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पुन्हा पुन्हा दाबू नका, आणि पाच-सहा सेकंद सेल्फ मारा. हवा जास्त जाऊन पेट्रोल सुकतं. गरम इंजिनला चोक कधीही ओढायचा नाही. चोक म्हणजे आणखी पेट्रोल.

प्रकार दुसरा, पेट्रोल पोचतच नाही. पंपात किंवा पाइपात पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ढकलायला बनवलेला असतो, वाफ नुसती दबते आणि फुगते. वास येत नाही, प्लग कोरडा निघतो. तपासणी: ओलं फडकं पंपावर आणि पाइपवर गुंडाळून पाच मिनिटं थांबा. त्यानंतर गाडी सुरू झाली तर दोष सापडला. पाणी फक्त पंपावर आणि पाइपवर. तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर किंवा इंजिन ब्लॉकवर गार पाणी ओतलं तर तडा जाऊ शकतो.

प्लग कोरडा असो वा ओला, करंटही बघा. एक जादा प्लग वायरला लावा, त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकवा, इन्सुलेशनच्या पकडीने धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. जोरदार निळी ठिणगी आली तर करंट ठीक. पिवळी, मरतुकडी किंवा अजिबात नाही, तर कॉइल, कंडेन्सर किंवा मॉड्यूल गरम होऊन सोडतंय. कॉइलवर ओलं फडकं ठेवल्यावर ठिणगी परत आली तर चोर तोच.

सांभाळून: ठिणगी तपासताना जवळ सांडलेलं पेट्रोल किंवा उघडं प्लगचं भोक नको. व्हॅन असेल तर दारं उघडी ठेवा, वाफ बाहेर जाऊ द्या. विडी-सिगारेट लांब. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत वायर मोकळी सोडून सेल्फ मारू नका, मॉड्यूल जळू शकतं.

कार्बोरेटर नसलेल्या, इंजेक्शनच्या गाडीत दोन संशयित लक्षात ठेवा. एक, क्रँक सेन्सर: तो गरम झाल्यावर सिग्नल देणं बंद करतो, सेल्फ फिरताना बऱ्याच गाड्यांत आरपीएमचा काटा हलतही नाही. दुसरा, पाण्याच्या तापमानाचा सेन्सर: तो "इंजिन थंड आहे" असं खोटं सांगतो आणि गरम इंजिनला जास्त पेट्रोल जातं. इथे स्कॅनर लावणं स्वस्त पडतं.

आणखी एक. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाडीचे रबरी पाइप त्यासाठी बनवलेले नसतात. फुगलेला, चिकट झालेला किंवा तडकलेला पाइप दिसला तर तो आधी बदला. हा प्रश्न गाडी सुरू होण्याचा नंतर, आगीचा आधी आहे.

## पायरी 3: डिझेल गाडी. हीटर प्लग सोडा, पंप बघा

जव्हार, मोखाडा, खोडाळा या रस्त्यांवर जुन्या डिझेल जीप अजून पोट भरतात. डिझेलला ठिणगी लागत नाही, त्यामुळे कॉइल वगैरे प्रश्नच नाही. पण गरम असताना सुरू होत नाही म्हणून हीटर प्लग बदलणारे मी बघितलेत. हीटर प्लग थंड इंजिनासाठी असतो. गरम इंजिनाच्या तक्रारीत त्याच्यावर खर्च म्हणजे ताप आलेल्याला स्वेटर.

डिझेलमध्ये क्रम असा ठेवा.

1. चावी ऑन केल्यावर पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडचा "टिक्" आवाज येतो का? गरम झाल्यावर आवाज बंद होत असेल तर सोलेनॉइड किंवा त्याची वायर.
2. पाइपात हवा शिरते का? फिल्टरपासून पंपाकडे जाणाऱ्या पाइपच्या जागी थोडा वेळ पारदर्शक पाइप लावा. बुडबुडे दिसले तर कुठेतरी जोड सैल आहे किंवा वॉशर गेलाय.
3. जुना रोटरी पंप असेल तर ओल्या फडक्याची तपासणी. गरम डिझेल पातळ होतं. पंप आतून झिजला असेल तर सेल्फच्या मंद गतीला पातळ डिझेल आतल्या आत गळून जातं आणि नोझलपर्यंत पुरेसा दाब पोचत नाही. पंपावर ओलं फडकं ठेवून गार केल्यावर जीप सुरू झाली, तर पंप झिजल्याची दाट शक्यता. इथे खर्च मोठा आहे, म्हणून पहिल्या दोन पायऱ्या झाल्याशिवाय पंप उघडायला द्यायचा नाही.

पेट्रोल असो वा डिझेल, एक गोष्ट दोन्हीकडे. इंधन, करंट, सेल्फ सगळं ठीक असूनही गरम असताना सुरू होत नसेल तर टॅपेट फार घट्ट बसवलेत का ते तपासून घ्या. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि कॉम्प्रेशन जातं. आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीच उघडू नका. पाणी कमी असेल असा संशय आला तरी नाही.

## शिरपामाळावर काय निघालं?

सेल्फ जोरात. वास नाही. प्लग कोरडा. ठिणगी निळी. म्हणजे पेट्रोल पोचत नव्हतं. बाटलीतलं प्यायचं पाणी गमछ्यावर ओतलं, गमछा पंपावर आणि पाइपवर गुंडाळला. पाच मिनिटांनी दोन वेळा सेल्फ, आणि गाडी चालू.

पण थांबा. इथे बरेच जण खूश होऊन घरी जातात. "वाफ झाली" हे अजून निम्मंच उत्तर आहे. पुढचा प्रश्न: त्याच बनावटीच्या बाकीच्या गाड्यांना हे होत नाही, मग यालाच का? सीट उचलून नीट बघितलं. कधीतरी सायलेन्सरचं काम करताना मधला पत्रा, म्हणजे उष्णता अडवणारा पडदा, काढला होता आणि परत लावलाच नव्हता. पेट्रोलचा रबरी पाइप सैल होऊन त्या तापलेल्या पाइपच्या जवळ लोंबत होता.

पत्रा कापून बसवला, पाइप नवा घेऊन दुसरीकडून फिरवला, दोन क्लिप लावल्या. 650 रुपये. त्या उन्हाळ्यात गाडी पुन्हा तशी बंद पडली नाही. पाड्यावरचं ते गिऱ्हाईक मात्र लगेच आलं नाही. पुढच्या हंगामात आलं, तेही त्याने स्वतः जाऊन, "काका, आता गाडी थांबत नाही, आठ दिवस बघा," असं सांगितल्यावर.

## आता धंद्याचं बोलू

गाडीमालकांसाठी. डॅशबोर्डमध्ये एक वही ठेवा. गाडी रुसली की पाच गोष्टी लिहा: किती वेळ चालवली, बंद करून किती मिनिटं झाली, सेल्फ कसा फिरला, वास आला का, कशाने सुरू झाली. ही वही मिस्त्रीच्या हातात दिली की त्याचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमचे पैसे. गाडीत मल्टीमीटर, जादा प्लग, प्लगपाना, जुनं फडकं आणि दोन लिटर पाणी असू द्या. चढ चढून आल्यावर लगेच चावी बंद करू नका, एक-दोन मिनिटं इंजिन सावकाश चालू द्या. दोष सापडेपर्यंत शक्यतो उतारावर तोंड करून गाडी लावा.

गॅरेज टाकणाऱ्यांसाठी. आपल्याकडे गिऱ्हाईक पार्टचे पैसे देतं, डोक्याचे देत नाही, अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. मग मिस्त्रीही पार्ट बदलतच राहतो, कारण त्याला तेच परवडतं. हे चक्र तुम्ही तोडू शकता. तपासणीची फी आधीच सांगा. समजा 300 रुपये. काम तुमच्याकडेच केलं तर ती बिलात वळती होईल, हेही सांगा. कागदावर लिहून द्या: काय तपासलं, काय ठीक निघालं, काय बिघडलंय. आणि गरम असताना येणारी तक्रार असेल तर गाडी ठेवून घ्या, गिऱ्हाइकाला सोबत बसवून चढावर फिरवून आणा आणि दोष समोर आणा. ज्याने डोळ्यांनी बघितलं, तो 300 रुपयांवर वाद घालत नाही. उलट चार गाड्या पाठवतो.

आणि बाकी सगळ्यांसाठी. धंद्यातला दोषही बहुतेक वेळा धंदा तापलेला असतानाच दिसतो. लग्नसराईत ऑर्डर का चुकली, गणपतीत माल का कमी पडला, हे नंतर निवांत बसून आठवत नाही. गर्दी चालू असतानाच दोन ओळी लिहून ठेवा.

## आजचा गृहपाठ

1. तुमच्या गाडीची अर्थिंगची वायर शोधा आणि सेल्फ मारताना मल्टीमीटर लावून माप लिहा.
2. पेट्रोलचा किंवा डिझेलचा पाइप टाकीपासून इंजिनपर्यंत डोळ्यांनी तपासा. तापणाऱ्या कुठल्या भागाजवळून जातो का?
3. वहीचं पहिलं पान आजच आखा.

आणि पुढच्या वेळी कोणी तुम्हाला फोनवर विचारलं, "गाडी चालू होत नाही, काय करू?" तर माझ्यासारखं पटकन "बॅटरी" म्हणू नका. आधी विचारा, "सेल्फ फिरतोय का?"

भेटू पुढच्या धड्यात. तोपर्यंत गाडीही चालू ठेवा, धंदाही!